पोटाची म्हणून दिलेली मनाची गोळी

जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात साठीतली एक बाई येते. सोबत मुलगा असतो. गेल्या सहा-सात महिन्यांपासून तिचे दोन्ही हात थरथरतात. चालताना पाय घसटतात, चेहरा कोरा झाला आहे, चहाचा कप उचलला की अर्धा चहा बशीत सांडतो. गावात कुणीतरी सांगितलेले असते, "हा कंपवात आहे, आता जन्मभर गोळ्या." डॉक्टर विचारतात, "आधीपासून कसल्या गोळ्या चालू आहेत?" मुलगा सांगतो, "बीपीची एक अन् गॅसची एक. गॅसची तर तीन वर्षांपासून घेते माय. ती घेतली नाही की जीव घाबरतो तिचा." पिशवीतून पाकीट निघते. त्यावर बारीक अक्षरांत दोन नावे छापलेली असतात : फ्लुपेन्टिक्सॉल आणि मेलिट्रासेन. पहिले मुळात गंभीर मानसिक आजारांवरचे औषध, दुसरे नैराश्यावरचे. त्यातले एकही पोटातल्या गॅसचे औषध नाही.

हे चित्र कोणा एका बाईचे नाही, अनेकींचे मिळून एक आहे. गाव बदलते, वय बदलते, पाकीट तेच असते. सेनगाव असो की वसमत, कळमनुरी असो की औंढा, घरातल्या औषधांच्या डब्यात ही जोडगोळी वेगवेगळ्या नावांनी सापडू शकते. कुठे ती 'गॅसची' असते, कुठे 'चक्करची', कुठे 'टेन्शनची', तर कुठे नुसतीच 'ताकदीची'. 'ही नैराश्यावरची गोळी आहे' असे ती घेणाऱ्याला क्वचितच कुणी सांगितलेले असते.

अशा गोळीबद्दल लोक विचारतात, ती चांगली की वाईट? औषधाच्या बाबतीत या प्रश्नाला सरसकट उत्तर नसते. प्रत्येक औषधात फायदा आणि धोका दोन्ही असतात, आणि ते कोणासाठी, किती दिवस, कशासाठी यावर पारडे कुठे झुकते हे ठरते. पण तोलायचे तर आधी माल समोर हवा. हळदीच्या बाजारात आपला शेतकरी काट्यावर नजर ठेवल्याशिवाय एक पोतेही मोजू देत नाही. मेंदूवर काम करणारी गोळी मात्र तोच शेतकरी नाव न विचारता वर्षानुवर्षे घेतो. या औषधाचा सर्वांत मोठा धोका तिथूनच सुरू होतो.

गोळीत असते काय?

एका गोळीत साधारणपणे अर्धा मिलिग्रॅम फ्लुपेन्टिक्सॉल आणि दहा मिलिग्रॅम मेलिट्रासेन असते. डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने ही जोडी 'डिअॅन्क्झिट' या नावाने जगभर विकली. भारतात पुढे इतर कंपन्यांनीही आपापल्या नावांनी ती बाजारात आणली.

फ्लुपेन्टिक्सॉल मेंदूतील डोपामिन या रसायनाचे काम अडवते. भास होणे, संशय घेणे, स्किझोफ्रेनिया यांसाठी ते मोठ्या मात्रेत वापरतात. अगदी कमी मात्रेत तेच औषध माणसाला थोडी उभारी देते, असे जुन्या काळापासून मानले जाते, आणि ब्रिटनमध्ये ते एकटे, कमी मात्रेत नैराश्यासाठी मान्यही आहे. मेलिट्रासेन हे ट्रायसायक्लिक गटातले औषध. अॅमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन ही त्याची परिचित भावंडे. दोन्ही एकत्र दिली की रुग्णाची बेचैनी कमी होते आणि मन हलके वाटते, असा या जोडीमागचा विचार.

नैराश्याच्या उपचारात ही वाट नेहमीची नाही. जगभरातल्या उपचार-मार्गदर्शिका सौम्य ते मध्यम नैराश्यासाठी आधी समुपदेशन आणि गरज पडल्यास सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन यांसारखे एकच औषध सुचवतात. सुरुवातीलाच मनोविकारविरोधी औषध जोडून देणे त्यांत बसत नाही. शिवाय दोन औषधे एका गोळीत बंद असल्याने एकाची मात्रा कमी करून दुसऱ्याची तशीच ठेवता येत नाही. त्रास एका घटकाचा असला तरी दोन्ही सोडावे लागतात किंवा दोन्ही सोसावे लागतात.

मग ती दिली का जाते?

हा दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आपल्याकडे नैराश्य 'मला उदास वाटते' असे म्हणत दवाखान्यात येत नाही. ते 'डोकं जड पडलंय', 'छातीत धडधडतं', 'पोट फुगतं', 'अंगात मुंग्या येतात', 'जेवण जात नाही', 'जीव लागत नाही' असे म्हणत येते. रक्त तपासले जाते, हृदयाचा आलेख काढला जातो, पोटाची सोनोग्राफी होते. सगळे ठीक निघते. रुग्णाचा त्रास मात्र खराच असतो. तो ढोंग करत नसतो.

अशा वेळी डॉक्टरांसमोर दोन वाटा असतात. पहिली म्हणजे बसवून घेणे, घरचे, शेतीचे, कर्जाचे, झोपेचे विचारणे आणि 'हा मनाचा आजार आहे, उपचाराने बरा होतो' असे समजावणे. त्याला अर्धा तास लागतो आणि बाहेर रांग लागलेली असते. त्यात 'मला काय वेड लागलंय का?' असे म्हणून रुग्ण उठून जाण्याची भीती. दुसरी वाट म्हणजे ही गोळी लिहिणे. नेहमीच्या नैराश्यविरोधी औषधांना परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ, बेचैनी उलट वाढू शकते. ही जोडगोळी घेतल्यावर अनेकांना काही दिवसांतच बरे वाटते. रुग्ण खूश, नातेवाईक खूश, डॉक्टरांवर विश्वास बसतो. मनाचे नाव काढायची गरजच पडत नाही.

पुढची पायरी आणखी सोपी. पंधरा दिवसांची चिठ्ठी संपते. रिकामे पाकीट घेऊन मुलगा मेडिकलवर जातो आणि 'असंच द्या' म्हणतो. औषध नियमांप्रमाणे हे चिठ्ठीशिवाय विकायचे नसते, तशी सूचना पाकिटावरच असते. तरीही ते मिळते. पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी अशी तीन वर्षे चालते, आणि या तीन वर्षांत ती का चालू आहे हे कुणीच विचारलेले नसते.

संसदेपासून न्यायालयापर्यंत

या औषधाचा भारतातला इतिहासही वाचकांना माहीत असायला हवा. मे २०१२ मध्ये आरोग्य विभागाच्या संसदीय स्थायी समितीने केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या कारभारावर आपला एकोणसाठावा अहवाल मांडला. औषधांना परवानग्या कशा दिल्या गेल्या, त्यासाठी पुरावे कोणते घेतले गेले, याची त्यात कठोर झाडाझडती होती. अहवालात नाव घेऊन चर्चा झालेल्या औषधांमध्ये डिअॅन्क्झिट होते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत त्याला परवानगी नाही, आणि ज्या डेन्मार्कमधून ते आले तिथेही ते विकले जात नाही, याकडे समितीने लक्ष वेधले.

त्यानंतर १८ जून २०१३ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तीन औषधांचे उत्पादन आणि विक्री थांबवली : वेदनाशामक अॅनाल्जिन, मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन आणि ही जोडगोळी. पायोग्लिटाझोनवरची स्थगिती महिन्या-दीड महिन्यात उठली, पण धोक्याची ठळक सूचना छापण्याच्या अटीवर. अॅनाल्जिनवरचीही पुढे उठली. जोडगोळीचे प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१३ च्या त्या आदेशानंतरही अनेक वर्षे ती वेगवेगळ्या नावांनी विकली जात राहिली.

या इतिहासातून दोन गोष्टी समजून घ्याव्यात. एक, मूळ देशात औषध विकले जात नाही म्हणजे ते विषच आहे, असे नाही. बेल्जियम, स्वित्झर्लंड यांसारख्या देशांत हीच जोडी वापरात राहिली आहे. औषध कोणत्या देशात विकायचे यामागे बाजाराची गणितेही असतात. दोन, जगातल्या मोठ्या नियामकांनी ज्या कसोट्या लावून औषधे तपासली, त्या कसोट्यांतून हे औषध गेलेले नाही. त्याच्यावरचे अभ्यास झाले ते बहुतेक लहान आणि काही आठवड्यांचे. चार-सहा आठवडे घेतल्यावर बरे वाटते का, याचे उत्तर त्यांत थोडेफार मिळते. चार-सहा वर्षे घेतल्यावर काय होते, याचे मिळत नाही. आणि आपल्याकडे ते घेतले जाते वर्षानुवर्षे.

धोक्याचे पारडे

पहिला धोका हालचालींचा. डोपामिन अडवले गेले की हात थरथरणे, अंग ताठणे, चाल मंदावणे, चेहरा भावहीन होणे ही पार्किन्सनसारखी लक्षणे दिसू शकतात. मात्रा कमी असल्याने हे प्रत्येकाला होत नाही. वय जास्त आणि औषध दीर्घकाळ चालू असेल तर शक्यता वाढते. चांगली बातमी अशी, की औषध वेळीच ओळखून बंद केले तर बहुतेकांची थरथर काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते. वाईट बातमी अशी, की काहींना ओठ-जीभ चाळवत राहण्याचा, तोंड सतत चघळल्यासारखे हलण्याचा विकार जडतो. तो औषध थांबवल्यावरही राहू शकतो. वयस्कर स्त्रियांमध्ये याची जोखीम अधिक असते. 'आजी सारखं काहीतरी चघळतीय' असे घरात वाटले, तर तिच्या गोळ्यांचा डबा एकदा डॉक्टरांना दाखवावा.

खरी गफलत होते ती एकावर एक औषधे चढल्याने. गॅससाठी दिल्या जाणाऱ्या अनेक कॅप्सुलांमध्ये लेव्होसल्पिराइड असते, तेही डोपामिन अडवते. उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइडही तेच करते. चक्करसाठी लिहिले जाणारे सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठीचे फ्लुनारिझिन यांनीही वयस्करांमध्ये हाच कंप येऊ शकतो. म्हणजे चक्कर, गॅस आणि घाबरेपणा अशा तीन तक्रारींसाठी तीन निरुपद्रवी वाटणाऱ्या गोळ्या लिहिल्या गेल्या, तर मेंदूवर एकच आघात तीन बाजूंनी होतो. त्यातून हात थरथरू लागले की 'कंपवात' म्हणून चौथी गोळी सुरू होते. या बाईंना नव्या गोळीची गरज नसते. जुन्या गोळ्या वजा करण्याची असते.

दुसरा धोका हृदयाचा. मेलिट्रासेनसारखी ट्रायसायक्लिक औषधे हृदयाच्या विद्युत वहनावर परिणाम करू शकतात. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आणि हृदयातील विद्युत वहनात अडथळा असलेल्यांना ही गोळी देऊ नये, असे तिच्या माहितीपत्रकातच म्हटलेले असते. पोटासाठी दिले जाणारे डोम्पेरिडोनही हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकते. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याची मात्रा आणि कालावधी दोन्ही कमी केले. आपल्याकडे ही दोन्ही औषधे एकाच चिठ्ठीवर, शेजारी शेजारी दिसू शकतात.

तिसरा धोका लहान वाटणारा, पण वयस्करांना त्रासाचा. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब अचानक वाढू शकतो. झोपही जाते. म्हणूनच ही गोळी सकाळी आणि दुपारी घ्यायची असते, रात्री नाही. 'झोपेची' समजून ती रात्री घेणारा माणूस आणखी जागतो आणि मग झोपेसाठी आणखी एक गोळी मागतो.

चौथा धोका तरुणांचा. नैराश्यावरचे कोणतेही औषध सुरू करताना पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर पहिले काही आठवडे बारीक लक्ष ठेवावे लागते, कारण काहींमध्ये या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेतल्या औषध प्रशासनाने ही सूचना औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापायला लावली आहे. ज्याला आपण नैराश्यावरची गोळी घेत आहोत हेच माहीत नाही, त्याच्यावर असे लक्ष कोण ठेवणार?

पाकिटावर न छापलेला धोका

आणि इथे या औषधाचा तो धोका समोर येतो, जो कोणत्याही माहितीपत्रकात नसतो. गोळी 'पोटाची' म्हणून दिली की आजारही पोटाचाच ठरतो. घरच्यांना वाटते, हिला गॅस आहे. रुग्णाला वाटते, मला गॅस आहे. डॉक्टर विचारत नाहीत, 'जगावंसं वाटतं ना?' रुग्ण सांगत नाही, की रात्री दोन वाजता जाग येते आणि मग नको नको ते मनात येते. लक्षणे थोडी दबतात, आजार तसाच राहतो.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात ही किरकोळ गोष्ट नाही. सोयाबीन, कापूस आणि हळद यांच्या भावावर, पावसाच्या लहरीवर इथल्या घरांचे वर्ष ठरते. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात हिंगोली आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे वीस जणांत एक निघाले, आणि नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले. या ८५ जणांतले काही दवाखान्यात गेले असतील, गोळ्याही घेत असतील. फक्त त्यांच्या आजाराचे नाव कुणी घेतले नसेल.

म्हणूनच धोके मोजताना दुसरी बाजूही सोडता कामा नये. नैराश्यावर उपचार न करणे हा या सगळ्या दुष्परिणामांपेक्षा मोठा धोका आहे. हे वाचून कुणी 'सगळ्याच मनाच्या गोळ्या वाईट' असा अर्थ काढू नये. नेहमीची नैराश्यविरोधी औषधेही दुष्परिणामांपासून मुक्त नाहीत. मळमळ, लैंगिक तक्रारी, वयस्करांमध्ये रक्तातले सोडियम कमी होणे हे त्यांच्यातही घडते. पण त्यांच्यावर मोठे आणि दीर्घ अभ्यास झालेले आहेत, काय पाहायचे आणि कधी थांबायचे हे माहीत आहे. दोघांतला फरक पुराव्याचा आहे. काही रुग्णांसाठी एखादा मनोविकारतज्ज्ञ विचारपूर्वक, थोड्या दिवसांसाठी वेगळी वाट निवडू शकतो. त्याचे कारण तो रुग्णाला सांगतो, तारीख देतो, परत बोलावतो. अशी निवड आणि 'असंच द्या' म्हणून तीन वर्षे चाललेली गोळी यांची तुलना होऊ शकत नाही.

काय करावे?

घरातल्या औषधांचा डबा आज उघडावा. प्रत्येक पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते. वाचता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून, आशाताईंकडून किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टकडून वाचून घ्यावे. फ्लुपेन्टिक्सॉल आणि मेलिट्रासेन ही नावे दिसली तर घाबरू नये. गोळी एकदम बंदही करू नये. अचानक थांबवल्यास डोकेदुखी, मळमळ, झोप उडणे, घाबरेपणा परत येणे असे होऊ शकते, आणि मग 'गोळीशिवाय माझं चालतच नाही' असा समज पक्का होतो. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि चार प्रश्न विचारावेत : ही गोळी कशाची? मला कशासाठी? किती दिवस? आणि थांबवायची कशी? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. बीपीची, साखरेची, गॅसची, चक्करची, गुडघ्याची, सगळ्या. वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या एका टेबलावर आल्या तरच त्यांची आपसातली भांडणे दिसतात. हात थरथरणे, चाल मंदावणे, जीभ-ओठ हलणे, लघवी अडणे, छातीत अनियमित धडधड यांपैकी काही सुरू झाले असेल तर थांबू नये.

दुष्परिणामाची नोंद सरकारकडे करता येते, आणि ती रुग्णही करू शकतो. भारतीय औषध सतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक विनाशुल्क आहे. या देशात एखादे औषध ठेवायचे की काढायचे, हे ठरवताना अशा नोंदींचा आधार लागतो. सेनगावातल्या एका आजीच्या थरथरीची नोंद झाली नाही, तर कागदावर ती थरथर घडलेलीच नसते.

मनाच्या त्रासासाठी मदत आता पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधे मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीत, विनामूल्य बोलता येते. घरात कुणी जगण्याला कंटाळल्याचे बोलत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे ठेवू नये, फवारणीची औषधे आणि गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

डॉक्टरांनीही एक सवय लावून घ्यायला हवी. पोटाची तक्रार घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या आणि सगळ्या तपासण्या ठीक असलेल्या रुग्णाला दोन प्रश्न विचारावेत : गेले दोन आठवडे मन उदास असते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? याला दोन मिनिटे लागतात. उत्तर 'हो' आले तर आजाराचे नाव घ्यावे, आणि चिठ्ठीवर औषधाच्या नावासोबत थांबवायची तारीख लिहावी. औषध दुकानदारांनी जुन्या पाकिटावर नवी गोळी देणे थांबवावे. आणि शासनाने या जोडगोळीसारख्या औषधांबाबतचे आपले निर्णय मराठीत, साध्या शब्दांत लोकांपर्यंत पोहोचवावेत. राजपत्रात छापलेली अधिसूचना गावातल्या औषधांच्या डब्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

सुरुवातीच्या त्या बाईंकडे पुन्हा वळू. तिच्यासारख्या रुग्णाची गोळी हळूहळू कमी करून थांबवली जाते. थरथर बहुधा ओसरू लागते. पण तेवढ्याने काम संपत नाही. तीन वर्षांपूर्वी तिचा जीव का घाबरू लागला होता, हे अजून कुणी विचारलेले नसते. कदाचित नवरा गेला असेल, मुलगी परत माहेरी आली असेल, किंवा सांगण्यासारखे काहीच घडले नसेल आणि तरीही आजार आला असेल. दोन्ही होते. त्यावर उपचार आहेत. ते सुरू करण्यासाठी समोर बसून विचारावे लागते, "माय, कधीपासून असं होतंय?" आणि मग उत्तर संपेपर्यंत ऐकावे लागते.